चेंबर फुटल्यावर गाडी किती चालली?

पारोळ्याजवळ हायवेला माझं गॅरेज आहे. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला धुळे. सुरतहून नागपूरकडे जाणारा हा रस्ता पूर्वी ६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता कागदोपत्री ५३ झालाय. या पट्ट्यातली खरी कामकरी गाडी म्हणजे पिकअप. रावेर-यावलची केळी, धरणगाव-चोपड्याचा कापूस, साक्रीकडचा कांदा, दुधाचे कॅन, ढेपेची पोती, मंडपाचं सामान, सगळं तिच्याच पाठीवर. मी पाना धरायला शिकलो तेव्हा मेटाडोर आणि टाटाची चारशेसात यांचे दिवस होते. पुढे बोलेरो पिकअप आली, २००५ नंतर छोटा हत्ती आला, आणि शेतकऱ्यांच्या पोरांनी हप्त्यावर गाड्या घेतल्या. गाडी बंद पडली की त्या घराची मिळकत बंद पडते, हप्ता मात्र चालू राहतो. हे रोज बघत असल्यामुळे मी कुठलंच काम फक्त लोखंडाचं काम म्हणून करू शकत नाही.

चेंबरचं काम तर नाहीच नाही.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी लावलेलं ऑइलचं भांडं. गाडी उभी असली की सगळं ऑइल त्यात उतरून बसतं. इंजिन सुरू झालं की पंप जाळीतून ते ओढतो, फिल्टरमधून क्रँकला, कॅमला, टर्बोला पोचवतो आणि तिथून गळत गळत ते परत चेंबरात येतं. त्याला सगळ्यात खाली असावंच लागतं. म्हणून रस्त्यात जे काही वर आलेलं असेल ते आधी त्यालाच लागतं.

आमच्याकडे वर आलेलं पुष्कळ असतं. शेतरस्तेच घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला पट्टा उंच राहतो. दसरा-दिवाळीला कापूस वेचणीला येतो तोवर तो पट्टा वाळून टणक झालेला असतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही होत नाही. त्याच वाटेने मालाने दबलेली पिकअप निघाली की तिचं पोट घासतं. तोडलेल्या बाभळीचा खुंट गवतात दिसत नाही. गावाच्या वेशीवर कोणीतरी एका रात्रीत बांधलेला गतिरोधक असतो. गतिरोधकाचं मानक ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा गोलसर उंचवटा सांगितलाय, ताशी २५ किलोमीटर वेगाने सावकाश पार करता येईल असा. आमच्याकडच्या कित्येक गावांत तो दोन हात रुंदीत वीतभर उंच असतो. आणि हायवेच्या चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललं, त्या काळात वळणरस्त्यांवर मुरमातून निसटलेल्या खडीने किती चेंबरं फोडली असतील, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्या काळात माझ्या गॅरेजमागे फुटक्या चेंबरांची थप्पी लागलेली असायची, एवढं आठवतं.

गाडी आली की गिऱ्हाईक मला फट दाखवायला बघतं. ‘भाऊ, इथून गळतंय बघा.’ फट मला दिसतेच. मला आधी वेगळं काही हवं असतं. ऑइलची लाइट लागल्यावर गाडी किती चालली? पुढचं सगळं काम, सगळा खर्च या एका उत्तरावर ठरतो.

का, ते सांगतो. क्रँक तिच्या बेरिंगवर फिरते तेव्हा लोखंड लोखंडाला टेकत नाही. मधे ऑइलचा थर असतो. केसापेक्षाही पातळ, पण पंपाच्या दाबाने तो सतत भरला जातो आणि सगळा भार तोच पेलतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला तेहतीस. ऑइल आलं नाही तर त्या तेहतीस फेऱ्यांत बेरिंग कोरडं घासलं जातं. बेरिंगवर मऊ धातूचा अगदी पातळ मुलामा असतो, तो आधी सुटतो. मग खालचा तांब्याच्या रंगाचा थर उघडा पडतो. मग क्रँकवर चरे. मग इंजिनातून टकटक येते. आणि एखाद्या चढावर, मला लळिंगचा घाट आठवतो, इंजिन जाम होऊन गाडी जागेवर थांबते. हे व्हायला तास लागत नाही. भरलेल्या गाडीला काही मिनिटं पुरतात.

बरेच ड्रायव्हर समजतात की ऑइलची लाल लाइट लागली म्हणजे ऑइल कमी झालं, पुढच्या पेट्रोल पंपावर बघू. तसं नाही. ती लाइट दाबाची आहे. ती लागली याचा अर्थ बेरिंगपर्यंत पोचणारा दाब आत्ता, या क्षणी गेलाय. ऑइल कमी व्हायला लागलं तेव्हा तिने काही सांगितलेलं नसतं. ती बोलते तेव्हा पुढे ढकलायला वेळ उरलेला नसतो. हे मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो. डिपस्टिक रोज सकाळी बघ, कारण लाइट तुला आधी सांगणार नाही.

आता त्या उत्तराकडे येतो. ते मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, चेंबर उतरवण्याहून अवघड. कारण ज्याला ते ठाऊक असतं तो ते सांगायला घाबरतो.

एका पहाटेची गोष्ट. ट्रॅक्टरने टोचन करून एक पिकअप दारात आणून सोडली. यावलकडची केळी, धुळ्याला चाललेली. घड वरपर्यंत भरलेले, वर पाला टाकलेला. ड्रायव्हर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, अंगात स्वेटर, डोळे तांबारलेले. मी विचारलं, ‘कुठं लागलं?’ म्हणाला, ‘इथंच भाऊ, त्या पंपाच्या पुढं. दगड होता. लगेच बंद केली.’ मी ‘बरं’ म्हणालो, बॅटरी घेतली आणि गाडीखाली शिरलो.

चेंबरच्या पुढच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची फट होती. तिथपर्यंत त्याचं म्हणणं बरोबर. पण गाडी जागेवर बंद केली तर ऑइल सरळ खाली पडतं, जमिनीवर थारोळं होतं आणि मागचं सगळं कोरडं राहतं. चालत्या गाडीचं ऑइल वाऱ्याने मागे उडतं. इथे गिअरबॉक्सचा तळ माखलेला होता, प्रॉपेलर शाफ्टवर शिंतोडे होते आणि पार मागच्या डिफरन्शियलवरही ऑइलचा हात फिरलेला होता. मी त्यावर बोट फिरवलं. बोटाला ऑइल लागलंच नाही आधी, लागला फुफाटा. ऑइलवर धूळ बसलेली, तिच्यावर परत ऑइल, त्यावर परत धूळ, असे थर. धूळ पिवळसर पांढरी, मुरमाची. पंपापुढचा रस्ता डांबरी होता, तिथे मुरूम नव्हताच. मुरमाचे वळणरस्ते तेव्हा एरंडोलच्या बाजूला होते. म्हणजे दगड तिकडे लागला होता आणि फुटक्या चेंबरने गाडी वीसेक किलोमीटर आली होती.

बाहेर आलो. तोंडावर त्याला खोटं पाडलं असतं तर तो आणखी घट्ट बसला असता, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. गॅरेजातल्या पोराला चहा आणायला पाठवलं, ड्रायव्हरला बाकड्यावर बसवलं. आधी केळीचं विचारलं, माल कोणाचा, किती वाजता पोचायचा होता, घरी कोण असतं. चहा निम्मा झाल्यावर त्याच्याच बोलीत विचारलं, ‘खरं सांग भाऊ, गाडी कितली दूर लई उना?’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘गाडी मनी नही शे भाऊ, शेठनी शे. माल टाइमवर नही पोचना ते मना पगारमाईन कापतस.’

मग सगळं बाहेर आलं. एरंडोलच्या अलीकडे दगड लागला. थोड्या वेळाने लाइट लागली. तो थांबला, खाली वाकून बघितलं, गळताना दिसलं. रात्रीची वेळ, आजूबाजूला काही नाही, शेठचा फोन लागला नाही. गाडीत ऑइलचा एक कॅन होता तो ओतला. लाइट गेली. निघाला. परत लागली. एका धाब्यावर ट्रकवाल्याकडून अजून ऑइल विकत घेतलं, ओतलं. असं करत करत आला आणि शेवटी पारोळ्याजवळ इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा घाबरून बंद केली.

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलंही. त्याने गाडी कोरडी हाणली नव्हती. लाइट लागली की दर वेळी थांबून ऑइल घातलं होतं. म्हणजे आशा होती. त्याचबरोबर हेही कळलं की नुसतं चेंबर बदलून ही गाडी सोडायची नाही.

चेंबरात उरलेलं ऑइल मी पांढऱ्या प्लास्टिकच्या घमेल्यात काढलं. हे घमेलं मी खास ठेवलंय, दुसऱ्या कशाला वापरू देत नाही. काळ्या भांड्यात काळं ऑइल काढलं तर काहीच दिसत नाही. उजेडात नेऊन घमेलं हळूहळू कलतं केलं की तळाशी काय फिरतंय ते दिसतं. बारीक चमक होती. दोन बोटांत ऑइल चोळलं, उन्हात धरलं, चमकणारे कण बोटांवर राहिले. मग लोहचुंबक फिरवलं. लोखंडी चुरा असेल तर चुंबकाला दाढीसारखा चिकटतो. हे कण चिकटले नाहीत. म्हणजे बेरिंगचा मुलामा. चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडच्या कॅपा एकेक उघडल्या. एका बेरिंगवर मधोमध तांबूस पट्टा उघडा पडला होता, दोनांवर चरे होते. क्रँकवर नख आडवं फिरवून बघितलं. चरा खोल असेल तर नख अडकतं. नख कुठेही अडकलं नाही. क्रँक वाचली होती.

शेठचा फोन तोवर लागला होता. फोनवरून तो पोराला जे बोलायचं ते बोलला. मी फोन घेतला. म्हणालो, ‘शेठ, तुमचा पोरगा एरंडोलपासून ऑइल ओतत आलाय आणि ते त्याने मला खरं सांगितलंय. म्हणून मी कॅपा उघडल्या. त्याने लपवलं असतं तर मी चेंबर बसवून गाडी दिली असती आणि आठ-दहा दिवसांत तुमची क्रँक गेली असती. चेंबर, बेरिंग, ऑइल, फिल्टर, मजुरी इतक्यात भागतंय. इंजिन बांधायचं म्हटलं तर पन्नास हजारांच्या पुढं जातं.’ तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. दुपारी शेठ दुसरी पिकअप घेऊन आला, माल पलटी केला. माझ्यासमोर तरी तो पोराला काही बोलला नाही.

तेव्हापासून ही गोष्ट मी मालकांना बिल देताना सांगतो, कोणाला आवडो न आवडो. चेंबर दगडाने फुटतं, पण फुटल्यावर गाडी पुढे रेटली जाते ती भीतीमुळे. ड्रायव्हरला लाइट दिसत नाही असं नाही. त्याला दिसते. पण थांबलं तर माल नासेल, उशीर होईल, बोलणी बसतील, पैसे कापले जातील, आणि पुढे पोचलं तर कदाचित काहीच होणार नाही, असा हिशेब तो अंधारात, एकटा, दोन मिनिटांत करतो. ज्या मालकाने आधीच सांगून ठेवलंय की लाइट लागली तर जागेवर गाडी बंद कर, मालाचं मी बघतो, त्याच्या गाड्यांचं चेंबरचं काम माझ्याकडे चेंबरपुरतंच येतं. जो फोनवर आधी शिवी देतो त्याचं इंजिन मी उघडतो. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात हा फरक मला इतका सरळ दिसलाय की मला त्याबद्दल शंका उरलेली नाही.

स्वतःची गाडी स्वतः चालवणारे लोक बहुतेक वेळा लगेच थांबतात. मुकटीजवळचे एक आप्पा आहेत, त्यांचं चेंबर रात्री फुटलं तर इंजिन बंद करून ते सकाळपर्यंत गाडीतच झोपले. सकाळी फोन केला. नवं चेंबर, नवं ऑइल, दुपारी गाडी रस्त्यावर.

न गळणारं चेंबर मात्र गळणाऱ्यापेक्षा वाईट. पत्र्याचं चेंबर दगडावर आपटलं तर दर वेळी फुटत नाही, आत चेपतं. खाली थेंब पडत नाही, लाइट लागत नाही, ड्रायव्हर उतरून बघतो आणि ‘काही नाही झालं’ म्हणून पुढे निघतो. पण आत पंपाची जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. तळ चेपून वर गेला की तो जाळीचं तोंड दाबतो. जाळीला ऑइल ओढायला जागा उरत नाही. गाडी सावकाश चालते तोवर भागतं. मालाने भरून, उन्हाळ्यात, चढावर पंपाला जास्त ऑइल लागलं की दाब पडतो. साक्रीकडच्या एका गाडीचं असंच झालं. नाल्यातून जाताना खालून मोठा आवाज आला होता, ऑइल एक थेंब गळलं नाही, आणि काही आठवड्यांनी टकटक घेऊन गाडी आली. चेंबर काढलं तेव्हा जाळी चपटी होऊन एका बाजूला वाकलेली होती. म्हणून माझं सांगणं असतं की खालून दणका बसला असेल तर गळो न गळो, एकदा दाखवून जा. हात फिरवून बघायला मी पैसे घेत नाही.

आता डागायचं की बदलायचं हा प्रश्न. गिऱ्हाईकाला डाग हवा असतो, कारण गाडी संध्याकाळी भाड्याला न्यायची असते आणि नवं चेंबर पारोळ्यात मिळतंच असं नाही. फोन करून जळगावला किंवा धुळ्याला विचारायचं, असेल तर ओळखीच्या गाडीवाल्याच्या हाती मागवायचं, यात अर्धा दिवस जातो. मी डागाच्या विरोधात नाही. पत्र्याचं चेंबर असेल, गंजलेलं नसेल आणि फट पोटात असेल तर गॅस वेल्डिंगने लावलेलं ठिगळ गाडीच्या आयुष्यभर टिकतं. ॲल्युमिनियमच्या ओतीव चेंबरचं तसं नाही. ते चेपत नाही, तडकतं. वर्षानुवर्षं गरम ऑइल त्याच्या अंगात मुरलेलं असतं. वरवर पुसून आर्गन वेल्डिंग केलं तर आतलं ऑइल उकळून वर येतं आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. आधी ते नीट धुवावं, तापवून ऑइल बाहेर काढावं, तड घासून खाली चांगल्या धातूपर्यंत जावं, मग जोडावं. तडेची दोन्ही टोकं शोधून तिथे बारीक भोक पाडावं, नाहीतर तड पुढे सरकते. आणि तड बोल्टांच्या कडेला किंवा ड्रेन प्लगच्या आट्यांपर्यंत गेली असेल तर मी जोडायला नकार देतो. कड तापली की वाकते, वाकलेली कड कितीही लेप लावा, गळतेच. तिथे नवंच घ्यावं. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालेल.

डागलेलं चेंबर मी तपासल्याशिवाय कधी चढवत नाही. माझ्या उस्तादांनी शिकवलेली रीत आहे. वेल्डवर बाहेरून खडू घासायचा, पांढरा पट्टा दिसला पाहिजे. आतून रॉकेल ओतून ठेवायचं. रॉकेल जिथून पाणी जाणार नाही तिथूनही झिरपतं. भोक असलं तर खडूच्या पांढऱ्यावर ओली काळपट रेघ उमटते. हल्ली रॉकेल मिळत नाही, मी डिझेल वापरतो, थोडा जास्त वेळ ठेवतो. घाईत असलेल्या माणसाला ही अर्ध्या तासाची वाट जड जाते. मी त्याला खडू दाखवतो, आणि तोही मग माझ्या बाजूला बसून त्या पट्ट्याकडे बघत राहतो.

रस्त्यात अडकलेल्याने एम-सील लावलं तर मी त्याला नावं ठेवत नाही. पण ऑइलने माखलेल्या जागेवर ते धरत नाही. आधी डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने जागा धुऊन, कोरडी करून, पॉलिश पेपरने घासून लावलं आणि कडक व्हायला वेळ दिला तर रिकामी गाडी गॅरेजपर्यंत येते. माल घेऊन पुढचा पल्ला मारायला ते नाही. डिझेलच्या टाकीला ड्रायव्हर लोक अंगाचा साबण घासतात, तिथे तो चालून जातो; चेंबरच्या गरमीत तो नरम पडून वाहून जातो.

चेंबर चढवण्याचं काम दिसायला सोपं आहे. काही गाड्यांत ते सरळ खाली येतं आणि सरळ वर जातं, काहींत इंजिनाचं फाउंडेशन ढिलं करून इंजिन थोडं उचलून धरावं लागतं. खरी मेहनत कडेची आहे. आधीच्या कोणी बोल्ट आवळून आवळून प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर काढलेला असतो. तो लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करायचा, काचेवर ठेवून उजेड आरपार दिसतो का बघायचं. जुनं पॅकिंग खरवडताना कण इंजिनात पडू द्यायचे नाहीत. आणि सिलिकॉनचा लेप हात राखून लावायचा. जाड लावला की बाहेर जितका येतो तितकाच आत येतो. बाहेरचा दिसतो आणि पुसला जातो. आतला वाळून शेवयांसारखा सुटतो, ऑइलबरोबर फिरतो आणि शेवटी जाळीवर जाऊन बसतो. गळती थांबवायला लावलेल्या लेपानेच इंजिनाचं ऑइल तोडलं, अशी इंजिनं मी उघडली आहेत.

बोल्ट आवळायला उस्ताद पाना शेवटाला धरू द्यायचे नाहीत. मधोमध धर म्हणायचे, म्हणजे हाताला जोरच मिळत नाही. मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग समोरासमोर, मग टोकं. आणि एक फेरी झाली की परत पहिल्यापासून. माझ्याकडे आता टॉर्क पाना आहे आणि मी तो वापरतो, पण शिकायला आलेल्या पोरांना आधी मधोमध धरायलाच शिकवतो. त्यांच्या बोटांना कळलं पाहिजे की पॅकिंग कधी बसलं आणि कधी चिरडायला लागलं. ड्रेन प्लगला दर वेळी नवा तांब्याचा वायसर. दहा-वीस रुपयांच्या वायसरसाठी आट्या गेलेली चेंबरं कमी नाहीत.

नवं ऑइल, नवा फिल्टर घातल्यावर मी गाडी लगेच चालू करत नाही. इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून थोडा थोडा स्टार्टर मारतो, मधे थांबतो, लाल लाइट जाईपर्यंत. म्हणजे पहिला स्फोट व्हायच्या आधी ऑइल बेरिंगपर्यंत पोचलेलं असतं. मग सुरू करून जागेवर चालू ठेवतो, खाली कागद पसरतो. कागद कोरडा राहिला की बंद करून डिपस्टिक परत बघतो, कारण नव्या फिल्टरने आपला वाटा घेतलेला असतो.

हायवे आता रुंद झालाय, वळणरस्ते गेले, हायवेवरची चेंबरं कमी झाली. शेतरस्ते आहेत तिथेच आहेत. बरेच जण खालून लोखंडी गार्ड लावून मागतात. मी लावून देतो, पण गार्डला ड्रेन प्लगसमोर भोक ठेवतो आणि चिखल खाली पडायला जागा ठेवतो. बंद गार्डमध्ये माती साचते, चेंबर गंजतं आणि गळती असली तरी ती गार्डमध्येच मुरते, कोणाला दिसत नाही. गार्ड आहे म्हणून दणके घेत जाणाऱ्या ड्रायव्हरला तेही सांगावं लागतं.

शेवटी टोचनाबद्दल, कारण त्यात वाचलेलं इंजिन परत घालवलेलं मी पाहिलंय. लाइट लागली, गाडी बंद केली, मदतीला कोणी आलं, दोर बांधला, इथवर सगळं बरोबर. आता गिअर न्यूट्रलला आहे की नाही ते स्वतः हाताने हलवून बघा. गाडी गिअरमध्ये राहिली तर चाकं क्रँकला फिरवतात, चावी बंद असली तरी, आणि चेंबरात ऑइल नसतं. मधेच चालू होते का बघू म्हणून क्लच सोडू नका. चावी मात्र स्टिअरिंगचं लॉक निघेल इतकी फिरवून ठेवा. इंजिन बंद असलं की ब्रेकची मदत संपते, पेडल कडक लागतं आणि स्टिअरिंगही जड होतं, म्हणून पुढच्या गाडीवाल्याला आधीच सांगा की सावकाश चल आणि उतारावर दोर ढिला पडू देऊ नको. आणि फोन मला करण्याआधी मालकाला करा, मालाची दुसरी सोय व्हायला त्याला वेळ मिळतो.